बंदुकीच्या वाक्याचा पत्ता

"थोर माणसं म्हणून गेलीत..." असं कुणी सुरू केलं, की आमच्या शेजारचे दिगंबरकाका हातातला चहा खाली ठेवून विचारायचे, "पुस्तक कुठलं? पान कुठलं?"

सात रस्ता चौकाजवळच्या वाचनालयात ते ग्रंथपाल. राहायचे एकटेच. लग्नपत्रिकेवरचं वचनसुद्धा त्यांच्या हातून सुटायचं नाही. एका वरपित्याला त्यांनी पोस्टकार्ड टाकलं होतं : "वाक्य सुंदर. संतांचं नव्हे. कार्यास येतो आहे."

सगळे त्यांना हसत. मीही, पण मनातल्या मनात. माझं बहुतेक सगळं तिथंच चालायचं.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. वस्त्यांवर चोऱ्या होत होत्या, म्हणून कॉलेजा-कॉलेजांच्या वादविवादाला विषय होता, 'नागरिकाला बंदुकीचा हक्क असावा'. इंग्रजी शाळेतून आलेली मी पहिल्यांदाच मराठीत बोलायला स्टेजवर जाणार होते. माझा सगळा भार एका थोर पुढाऱ्याच्या वाक्यावर होता : 'दाराआड बंदूक असेल, तरच घर निवांत झोपतं.' विषय कुठलाही असो, दरवर्षी कुणीतरी ते म्हणायचं आणि टाळ्या घ्यायचं.

ते काकांना दाखवलं. त्यांनी चहा खाली ठेवला नाही. तो हातातच गार झाला.

"पुस्तक कुठलं, काका? पान कुठलं?" मीच विचारलं.

"पुस्तक न्हाई. मीच रचलोय ते."

"तुम्ही?"

"मी कॉलेजात होतो तवाबी हाच विषय होता की. भाषण मधेच आटलं. वाक्य रचलो, पुढाऱ्याच्या नावावर खपवलो. समोरच्या बाजूची सुशीला उठून विचारली, पुस्तक कुठलं? पान कुठलं? सगळा हॉल हसला तिला. मीबी हसलो. बक्षिसाची ढाल मला मिळाली."

"मग?"

"मग सहा महिने पुस्तकं धुंडाळलो, कुणीतरी खरंच म्हटलं असंल म्हणून. ती जेऊरला शिक्षिका झाली म्हणे. तुझं बरोबर होतं, हे सांगायचं राहिलं बघ."

स्पर्धेच्या सकाळी त्यांनी माझ्या हातात वाचनालयातलं एक कार्ड ठेवलं. "वाच, नाहीतर टाकून दे. ढाल तुझी हाय."

माझी पाळी आली, तेव्हा स्टेजवर जाऊन कार्ड समोर धरलं. मी वाचलं : "वाक्य : दाराआड बंदूक. कर्ता : दिगंबर, त्या वेळी विद्यार्थी. पुस्तक : नाही. पान : नाही. हरकत : सुशीला. हरकत बरोबर."

हॉल खो खो हसला. शेवटच्या बाकावरचे काका उठून उभे राहिले आणि हसू थांबेपर्यंत तसेच उभे होते.

ढाल दुसऱ्या कॉलेजला गेली.

"गेली की गं तुझी ढाल," परतताना ते म्हणाले.

"जाऊ द्या, काका."

वाचनालयापाशी ते थांबले. "जेऊरला गाडी कितीला असती, जरा बघ की."

मी आत जाऊन रेल्वेचं वेळापत्रक उचललं. मला शोधावं लागलंच नाही. ते आपोआप जेऊरच्या पानावर उघडलं.