जुन्या डब्याला ‘किंवा’ शिकवणारे बबनराव

आमच्या बारामतीच्या दूध संघाच्या हापिसातले बबनराव चहा मागायचे तो असा: “चहा किंवा कॉफी, साखर असली तर असू दे, बिस्कीट एक किंवा जास्त.” कॅन्टीनवाला पाण्याचा ग्लास आदळून जायचा. मीही तेच केलं असतं.

हे खूळ कॉम्प्युटरमुळं. नव्वदीच्या अखेरीस हापिसात नवे कॉम्प्युटर यायचं घाटत होतं. ‘पणदऱ्याचा रामचंद्र, पुढं तात्या किंवा आबा’ असा नमुना सांगितला, की ते सभासदांच्या ढिगातून नेमकी माणसं काढून देत. आमच्या जुन्या कॉम्प्युटरच्या, म्हणजे त्या डब्याच्या, प्रोग्रामला ‘किंवा’ ठाऊकच नव्हतं. अक्षराला अक्षर जुळलं तरच सापडणार. शहाण्या माणसानं डबा भंगारात दिला असता. पण कळस गावचे हे बबनराव म्हणाले, “त्यात न्हाय, म्हणून काय झालं? घालू की!”

अख्खा उन्हाळा घालत बसले. मी म्हटलं, “मढ्याची दाढी केली म्हणून ते बोहल्यावर चढतंय व्हय?” ते आपले बटणं बडवत राहिले.

पहिल्या चाचणीत या दिवट्यानं सगळंच ऐच्छिक ठेवलं. नाव असलं तर असू दे, गाव असलं तर असू दे. मग काय, बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुके नमुन्यात बसले! प्रिंटरचा कागद दारापर्यंत वाहत गेला. त्या मशीनवर बसणाऱ्या ऑपरेटर शकूताई कडाडल्या, “बबनराव, तुमचं डोकंबी असलं तर असू दे झालंय!” हापीस खदाखदा हसलं.

शेवटी साहेबांसमोर मात्र डब्यानं पणदऱ्याचे सगळे रामचंद्र, तात्या-आबांसकट, बिनचूक काढले. साहेब म्हणाले, “मग जुनंच राहू द्या.” माझ्या टेबलावर येणारा नवा कॉम्प्युटर गेला! माझं टाळकं सटकलं. सायकल स्टँडवर त्यांना गाठलं.

“त्या भंगारासाठी एवढा जीव काढलात?”

“मशिनीचं काय घेऊन बसलाय? शकूताईंच्या नोकरीची टेंपरवारी ऑर्डर त्या मशिनीवर हाय. मशीन गेली, की त्या घरी.”

मी म्हटलं, “मग सांगा की त्यांना. बिचाऱ्या पाया पडतील.”

“नगं, नगं! उपकार कळला की बोलायच्या बंद व्हतील.” ते सायकलचं कुलूप चाचपत राहिले. “घरी कोण न्हाय. हापिसात हसणारी लई हायेत, पर रागं भरणारं माणूस तेवढंच एक हाय.”