कॅमेऱ्यावरची टिकली

उचगावच्या ऋतुराजला पुण्याच्या एका कंपनीनं घरबसल्या टीमलीडर केलं आणि गड्याच्या अंगात वारंच शिरलं! “माझ्या टीमची पापणी लवली तरी मला कळतंय!” असं तो गल्लीभर सांगत सुटला. टीम म्हणजे दोघंच, आजऱ्याची सना आणि साताऱ्याचा आदर्श. तिघांनी एकमेकांना कधी समोरासमोर बघितलेलं नव्हतं. त्यात साहेबांचा निरोप आला, शुक्रवारी पाचला रिपोर्ट गेला नाही तर टीम मोडणार. ऋतुराजनं लगेच फर्मान काढलं. कॅमेरा दिवसभर चालू! जागचं हलायचं नाही!

शुक्रवारी तीन वाजले तरी रिपोर्ट अर्धाच. तेवढ्यात म्हशीनं दावं तोडलं आणि थेट शेजारच्या उसात! वडील, म्हणजे आण्णा, नृसिंहवाडीला गेलेले. आता नियम तर स्वतःचाच! त्यानं आईला, म्हणजे आक्काला, खुर्चीत बसवलं.

“नुसती बस. खुर्ची मोकळी दिसाय नको. आनि बोलू नकोस!” असं बजावून तो म्हशीमागं पळाला.

आक्का, आणि बोलायचं नाही! समोर पडद्यावर दोन पावणं तोंड पाडून बसलेले. न विचारता कसं चालेल?

“पावणं, जेवलासा न्हवं?”

सनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणीच आलं. “न्हाय ओ आक्का. आब्बा तापानं फणफणल्यात पलीकडच्या खोलीत. पण उठायचं न्हाय म्हणलंय सरांनी.”

“मग ऊठ की! त्या डबड्याम्होरं बसून कुणाचा ताप उतरलाय?”

आदर्शलाही धीर आला. “आक्का, मला तर तीन दिवस झाले, एक तक्ताच कळत नाहीये. नुसता बघत बसलोय.”

“अरे, मग विचारायचंस की!” सना म्हणाली. “मला येतंय ते!”

“झालं तर!” आक्कानं निकाल दिला. “पोरी, बापाला बघ, दोन घास खा. पोरा, तवर तिचं काम तू कर. ती आली की तुझं शिकवंल. आनि ते डोळं मिटा मेल्याचं!” दोघांनी कॅमेरे बंद केले. आक्काला बटण सापडेना, तिनं पाकिटातली नवी टिकली काढून कॅमेऱ्यावर चिकटवली.

पावणेपाचला ऋतुराज चिखलानं माखून आला. बघतो तर पडदा काळा!

“आक्का! काय केलंस हे?”

“सोडलो त्यास्नी. आनि म्हस कशी सुटली? आवळून बांधलास म्हणून!”

ऋतुराज डोकं धरून खाली बसला. पाचला दोन मिनिटं कमी असताना टिंग वाजलं. रिपोर्ट! पूर्ण, बिनचूक! खाली सनानं लिहिलेलं, ‘आब्बांचा ताप उतरला. आक्कांना सांगा, जेवले.’

ऋतुराजनं रिपोर्ट तसाच साहेबांना धाडला. तीन आठवडे तो रोज या पोरीचं तोंड बघत होता, पण पलीकडच्या खोलीत बाप आजारी आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली. टिकली त्यानं तशीच ठेवली आणि नियम मोडीत काढला.

सोमवारी सकाळी टीमच्या मीटिंगचं निमंत्रण आलं. आक्का : यायलाच पाहिजे. ऋतुराज सर : जमलं तर.

जमलं नाही. आक्का मीटिंगमध्ये होती, म्हणून धार काढायला ऋतुराजला बसावं लागलं!