इंजिनाला श्रम नकोत

“माह्या सासऱ्याहून म्हातारं हाय हे इंजिन,” शेजारच्या बाकावरची बाई कुरकुरली. “पण सासरा निदान खोकून त राह्यते.”

गोजरबाईंनी ऐकले आणि न ऐकल्यासारखे केले.

वस्तू काम करेनाशी झाली की तिला मान मिळू लागतो, हा जगाचा नियम आहे. (माणसांना तो अजून लागू झालेला नाही.) मलकापुराहून घाट चढून बुलढाण्याला जाणाऱ्या या छोट्या रुळांच्या गाडीचे इंजिनही असेच मानाचे. विलायतेतल्या कुठल्याशा डोंगरावर त्याची नोकरी पुरी झाली, तेव्हा ते मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या वाट्याला आले. कंपनीच्या कमिटीने एकमताने ठरवले, की इतके पुरातन इंजिन दुरुस्त करणे हा त्याचा अपमान आहे आणि त्याला चढावर राबवणे निर्दयपणा.

सपाटीवर ते मर्जीने चाले. घाटाच्या पायथ्याशी मात्र त्याच्यापुढे बैल जुंपत. त्यांना बैल म्हणायचे नाही. कागदोपत्री ते ‘सहायक इंजिन’, कडबा म्हणजे कोळसा आणि शेण म्हणजे राख. खरा कोळसा फक्त धुरापुरता, कारण धूर दिसला नाही तर प्रवासी तक्रार करत. ड्रायव्हर रहेमतुल्ला मोठ्या अदबीने शिट्टी वाजवी. बैल बुजत आणि गाडी वेग घेई. त्या वेगाची वर्तमानपत्रांत तारीफ झाली होती. डब्याच्या पुढच्या खिडकीला मखमली पडदा होता. वळणावर बाजूच्या खिडकीतूनही सारे दिसे, तेव्हा सभ्य लोक दरीची शोभा पाहत.

सहायक इंजिनांपैकी दोन गोजरबाईंची. थोड्या दिवसांच्या बोलीवर दिलेले बैल त्या मागायला गेल्या, तर स्टेशनमास्तर वामनराव फार आदराने म्हणाले, की काकू, बैल असते तर आत्ता सोडले असते. पण इंजिन पेरणीला देण्याची तरतूद नाही, तुम्ही बुलढाण्याला मोठ्या साहेबांना भेटा. इकडे रानाचा वाफसा मोडत चालला होता. जमीन वाळली की वर्षाची जवारी गेली. म्हणून गोजरबाई तिकीट काढून आपल्याच बैलांच्या मागे बसल्या होत्या.

नेमके मोठे साहेबही तपासणीसाठी त्याच डब्यात होते. सोबत वामनराव. मधल्या वळणावर गाडी थांबली आणि पुढे कुणीतरी हंबरले.

“वाफ,” वामनराव म्हणाले.

“आवाज फार जिवंत आहे,” साहेबांनी दाद दिली. साऱ्या डब्याने माना डोलावल्या.

गोजरबाईंनी आवाज ओळखला. त्यांचाच बैल पवळ्या होता, तहानलेला. त्या उठल्या आणि त्यांनी पडदा सरकवला.

“साहेब, गाडी माहे बैल ओढून राह्यले. इंजिनबी तेच ओढतात. हे इंजिन सोडून द्या, गाडी लवकर पोचन. नाही तं बैल सोडा, मले पेरनी करा लागते.”

मग कोपऱ्यात कोणी खुदकले, आणि बघता बघता सारे हसू लागले, जणू ही मौज त्यांना आत्ताच कळली.

गोजरबाई त्यांच्याकडे वळल्या.

“हासून काय राह्यले? खाली बैल जुपले तवा सारे पाहूनच राह्यले होते ना. उतरलं का कोणी?”