दोर आबांच्या हातात

‘गात ऱ्हावा रं! गाणं थांबलं की मी दोर वडणार!’

वीरधवलच्या लहानपणी तात्याबा आबांचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा, हा आवाज हळदीच्या पेवावर घुमायचा. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेला रांजणच. वर माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड, खाली पंचवीस फूट अंधार आणि कोंडलेली हवा. म्हणून हळद काढायला उतरलेल्या गड्यानं गात राहायचं. गाणं चालू तर श्वास चालू.

पुढं महापुरानं बहुतेक पेवं बुडवली, हळद गोदामांत गेली आणि वीरधवल सांगलीत पॉवर मेटल बँडचा गायक झाला. केस कमरेपर्यंत, आवाज आभाळापर्यंत. धडधडत्या ड्रमांत मधेच मारव्याची आलापी, सात मात्रांवरून साडेनवांवर उडी. ऐकणाऱ्याला वाटावं, जिन्यात आपलीच पायरी चुकली. पहिल्या अल्बमचं शेवटचं गाणं तेवढं राहिलं होतं. ‘ते आमच्या पुरातनं वाचलेल्या पेवात उतरून गाणार,’ त्यानं छाती ठोकून सांगितलं. ‘असा घुमारा युरोपातल्या चर्चलाबी यायचा न्हाई.’

खरं कारण त्यानं ड्रम वाजवणाऱ्या शिवांजलीलाही सांगितलं नव्हतं. गेली दहा वर्षं तो घरी गायला बसला, की आबा उठून गोठ्यात जायचे. बरं नाही, वाईट नाही, एक शब्द नाही. पेवाच्या तोंडाशी बसवलं, तर अख्खं गाणं ऐकावंच लागणार होतं.

आबा एकाच अटीवर तयार झाले: दोर त्यांच्या हातात. आधी त्यांनी कंदील सोडून पाहिला. तो विझला नाही, तेव्हा लेकाच्या कमरेला दोर बांधून त्याला उतरवलं. मागून माईक गेला. वीरधवलनं सूर लावला आणि जमीन गाऊ लागली. बांधावरच्या म्हशी रवंथ विसरल्या.

गाण्याच्या मध्यावर आठ सेकंदांची शांतता होती, बँडनं महिनाभर घासून बसवलेली. ती सुरू झाली मात्र, वीरधवल विहिरीतल्या बादलीसारखा वर आला.

‘आबा, गाणं संपलं न्हाई अजून.’

‘थांबलं हुतं.’

त्यानं समजावलं, आबांनी मान डोलावली. दुसऱ्या खेपेला तो माईकसकट वर आला. तिसऱ्यांदा शिवांजलीनं बोटांवर आठ मोजून दाखवायचं ठरलं. तिचं तिसरं बोट उघडायच्या आत गायक उन्हात हजर, भिंतींची जुनी हळद लागून नवरदेवासारखा पिवळा. तिला हसू आवरेना. वीरधवलला आवरेना तो राग.

‘माझं गाणं तुमाला नकोच हाय. तसं सांगा की सरळ.’

‘खालनं आवाज येऊ दे,’ आबा म्हणाले. ‘येवढंच.’

चौथ्या खेपेला त्यानं हार मानली. महिनाभर घासलेल्या त्या शांततेत, जात्यावर बसलेल्या बाईसारखा तो नुसता गुणगुणत राहिला. दोर हलला नाही. गाणं शेवटपर्यंत गेलं.

वर येऊन पाहतो तर आबांच्या तळहातांवर दोराचे वळ. गाठ सोडता सोडता ते दोराशीच बोलल्यासारखं बोलले.

‘माझा धाकटा भाऊ, तुझा अर्जुनाकाका, तुला सांगत आलो तसा तापानं गेला न्हाई रं. पलीकडं मी बुजवून टाकलेलं पेव हाय न्हवं, त्यात उतरून गात हुता, तुझ्यासारखाच वरचा सूर. मधीच थांबला. मला वाटलं, दम घेतोय. मी वाट बघत बसलो.’ गाठ सुटली, तरी त्यांनी दोर सोडला नव्हता. ‘तू गायला लागलास की माझं हात दोर हुडकत्यात. म्हणून उठतो. गोठ्यात जाऊन म्हशीचं दावं धरून उभा ऱ्हातो, तुझं गाणं संपस्तवर.’