पाचवी सुई आणि उभे विद्वान

हे कुणाला पटणार नाही, पण घडलं ते घडलं. अठराशे पंचवीस साली पॅरिसातल्या तीन नामांकित वैद्यांनी अख्खं बदक उभ्यानं खाल्लं, आणि तेही शास्त्रासाठी.

त्या वर्षी शहराला चिनी सुयांचं वेड लागलं होतं. डॉक्टर गार्नो आधी त्या सुयांना नावं ठेवायचे. रोगी शेजारच्या डॉक्टरकडे वळले, तशी त्यांनाही आठवड्याभरात ती विद्या आली. शिकले पुस्तकातून. पुस्तक लिहिणाऱ्यानंही चीन पाहिला नव्हता. आता गार्नोंना इस्पितळात स्वतःचा सुयांचा कक्ष हवा होता, आणि तो बॅरन ब्रेझाक आणि आणखी दोन वैद्य यांच्या समितीच्या हातात होता. बॅरनची कंबर धरलेली. गार्नोंनी त्यांच्याच दिवाणखान्यात, समितीसमोर, त्या कमरेत पाच सुया टोचल्या.

काढताना चारच निघाल्या.

"झालं? बसू का?" बॅरननी विचारलं.

"बसायचं नाही," गार्नो घाईनं म्हणाले. "पेकिंगला बादशहासुद्धा सुयांनंतर दिवस मावळेपर्यंत उभा असतो. गेल्या वर्षापर्यंत दहा वर्षं होतो मी तिथे."

यजमानच उभे म्हटल्यावर समितीतले दोघे तरी कसे बसणार? घरची जुनी स्वयंपाकीण पेरिन बदक घेऊन आली, तर तिघे तबेल्यातल्या घोड्यांसारखे उभे आणि डॉक्टर गालिच्यावर रांगताहेत.

"काही हरवलं का?" तिनं विचारलं.

"ही चिनी पद्धत आहे."

पेरिननं डॉक्टरांच्याच बाहीत अडकलेली सुई हळूच काढून त्यांच्या हातावर ठेवली. गार्नोंचा जीव भांड्यात पडला.

"बसा आता, सरकार," ते बॅरनना म्हणाले.

"कशाला? कंबर दुखायची थांबलीय."

"सुयांनी थांबली ती."

"काहीतरीच," समितीतले म्हातारे दुपां बदकाची तंगडी चघळत म्हणाले. "तीस जळवा लावल्या असत्या तर समजू शकलो असतो. आणि मला कुठे टोचलंत तुम्ही? तरी माझा गुडघा मोकळा झाला. गुण उभं राहण्याचा."

"अहो, उभं राहण्यात काही नाही, ते मी आपलं..." गार्नोंनी जीभ चावली. सुई हरवली होती हे सांगावं तर कक्ष गेला; गप्प बसावं तर सुया गेल्या.

बॅरननी उभ्या उभ्याच अहवाल सांगितला: सुया निरर्थक, उभं राहणं गुणकारी. इस्पितळात उभं राहण्याचा कक्ष काढावा, खुर्च्या हलवाव्यात. प्रमुख डॉक्टर गार्नो. पेकिंगचा दहा वर्षांचा अनुभव.

गार्नोंनी क्षणभर विचार केला आणि मान लववली. कक्ष तो कक्ष.

ताटल्या उचलता उचलता पेरिन थांबली.

"डॉक्टरसाहेब, आठ वर्षांमागं माझ्या आईला जळवा तुम्हीच लावल्यात. पुढच्या वर्षी बापाला. त्याच्या पुढच्या वर्षी नवऱ्याला. तिघांनाही पोचवून आले मी. मधे पेकिंगला कधी जाऊन आलात?"