तळं बुजवण्याआधीची विचारपूस

फार वर्षांपूर्वी मी एक आवाज ऐकला होता. डुबुक. एवढाच. काठावरून कासव पाण्यात उतरतं ना, बाळांनो, त्याचा तो आवाज. पुढे तो कधी कानावर आला नाही. म्हणून ही गोष्ट सांगतो. नीट बसा. घाई नाही, गोष्ट कासवाची आहे.

एका जंगलात एक तळं होतं. त्या तळ्यात तानूआजी नावाची कासवीण राहायची. जंगलात तिच्याहून म्हातारं कुणी नव्हतं. त्या साली तिनं काठच्या मऊ मातीत अकरा अंडी पुरली होती. रोज सकाळी ती वर यायची, त्या मातीपाशी थोडा वेळ बसायची आणि परत पाण्यात जायची. डुबुक.

त्याच जंगलात रानडुकरांनी कंद वाळवायचा कारखाना काढला. कंद फार आणि जागा थोडी. डुकरांचा म्होरक्या बाजीशेठ पंचायतीकडे गेला आणि तळं बुजवून मागू लागला. सरपंच होता गवा. अंगानं दांडगा, पण स्वभावानं गरीब. तो म्हणाला, असं एकदम बुजवलं तर लोकांना वाईट वाटेल. आधी त्यांना विचारायला हवं.

आता विचारायचं कसं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. विचारणं हे कसबाचं काम. मानकोजी सरड्याचा तोच धंदा होता. पंचायतीला लोकांचं मत हवं असलं किंवा कारखान्याला लोकांचा होकार हवा असला, की मानकोजीला बोलावणं जायचं. त्याच्यापाशी एक मोठा गुण होता. समोरचा बोलू लागला, की तो मान डोलवायचा. वर-खाली, वर-खाली. बोलणाऱ्याला वाटायचं, आपलं म्हणणं याला पटलं. सरडा एकटा असला तरी मान डोलवतो, हे जंगलात कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मानकोजी आला. सागाच्या पानांचा गठ्ठा घेऊन दारोदार फिरला. ज्याचं जे मत, ते एका पानावर लिहायचं आणि ते पान डिंकानं वडाला चिकटवायचं, अशी त्याची रीत होती.

टिटवी तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "सरड्याची धाव कुंपणापर्यंत."

मानकोजीनं मान डोलवली आणि लिहून घेतलं, टिटवीबाईंची कुंपणाची मागणी आहे. दुसऱ्या दिवशी तळ्याभोवती कुंपण आलं. टिटवीला भेटून त्यानं तिचे आभारही मानले. 

मग तो तानूआजीकडे गेला. पाय मुडपून, तिच्या शेजारी चिखलात बसला. माणसाला, म्हणजे जनावराला, बरं वाटावं असा तो बसायचा.

"आजी, तळ्यात काय भरलेलं आवडेल? लाल माती की मुरूम?"

आजीनं पुष्कळ वेळ विचार केला. "पाणी," ती म्हणाली.

"ते आहेच हो. आपण नवीन काय ते बोलतोय."

आजीनं काठच्या मऊ मातीकडे मान वळवली. मग म्हणाली, "इथं माझी अंडी आहेत बाबा. पिलं निघाली, की सरळ पाण्याकडं चालू लागतात. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. पाणी नसलं, तर ती चालतच राहतील."

मानकोजीनं मान डोलवली. त्याचे डोळेही भरून आले, ते काही खोटे नव्हते. त्यानं पानावर लिहिलं, लहान मुलांसाठी काहीतरी सोय करावी, अशी आजींची सूचना आहे.

वडावरून काढून सगळी पानं सरपंचांकडे गेली. गव्यानं ती लक्ष देऊन वाचली. वाचता वाचता, सवयीनं, खाल्ली. शेवटचं पान राहिलं होतं, त्यावर फक्त मानकोजीची सही होती. सरपंच म्हणाले, काम स्वच्छ आहे.

मग खुली सभा ठरली. तळं बुजवावं की नाही, यावर सगळ्या जंगलानं एकत्र बसून बोलायचं. पण बसायचं कुठे? सगळं जंगल मावेल एवढी मोकळी जागा एकच होती, तळ्याची. ती तेवढी सपाट नव्हती. बाजीशेठ मोठ्या मनाचा. तो म्हणाला, सभेपुरती मी भरून देतो. डुकरांनी तीन दिवसांत ती भरून दिली. वर मांडव घातला. तानूआजीला त्यांनी उचलून, अगदी जपून, काठावर ठेवलं. मासे सभेला येऊ शकले नाहीत. त्यांची गैरहजेरी नोंदवली गेली.

मानकोजीनं शेपटीनं जमिनीवर गोल आखले आणि सर्वांना बसवलं. ज्याचा तळ्याशी संबंध कमी, तो शांतपणे बोलतो, म्हणून त्याला पुढे. ज्याचा जास्त, त्याला मागे. तानूआजी कुंपणाला टेकली होती. मग त्यानं सभेचा नियम सांगितला. जो काही बोलणार नाही, त्याची हरकत नाही असं धरलं जाईल.

टिटवीनं विचारलं, माती परत कधी काढणार? मानकोजीनं मान डोलवली. म्हणाला, प्रश्न चांगला आहे. पण आता डुकरांनी इथे मेहनत केली आहे, तेव्हा तेही या जागेचे संबंधित झाले. इथे तळं खोदावं का, याबद्दल आधी त्यांना विचारावं लागेल.

आणि त्याच वेळी काठची माती हलली. एक पिलू वर आलं. मग दुसरं. मग सगळी अकरा. रुपयाएवढी. ती सरळ चालू लागली, मांडवाखालून, सगळ्यांच्या पायांमधून, जिथे पाणी असायला हवं तिकडे. तिथे मधोमध एक घसरगुंडी होती. आजींच्या सूचनेवरून बसवलेली.

एक पिलू तिच्यावर चढलं. घसरलं. खाली मातीत आलं.

सगळ्या जंगलानं टाळ्या वाजवल्या. बाजीशेठनं डोळे पुसले. मानकोजी हार घेऊन तानूआजीकडे गेला. तिच्या गळ्यात तो घातला. हार मोठा होता, आणि तिची मान सुरकुतलेली, बारीक.

"आजी, तुमची सूचना मान्य झाली," तो म्हणाला. "आता दोन शब्द बोला."

 तानूआजीनं मातीकडे पाहिलं. मानकोजीकडे पाहिलं. तो मान डोलवत होता.

ती वळली. पिलं आपोआप वळली आणि तिच्यामागे ओळीनं लागली. कुंपणाखालून जाताना हार तारेला अडकला, तो तिनं तसाच राहू दिला. नदी दोन डोंगरांपलीकडे होती. ती एक शब्द न बोलता तिकडे चालू लागली.

तात्पर्य : बाळांनो, कुणाचं तळं बुजवायचं असेल, तर त्याला आधी जरूर विचारावं. न विचारता बुजवलं, तर तो भांडायला उठतो. विचारून बुजवलं, तर भांडायचं कुणाशी, हे त्याला कळत नाही.