छपरावरचा भार

नागपूरच्या बांधकाम खात्यात पूल बांधता बांधता निवृत्त झालेले सूर्यकांत वैरागडे विनिपेगच्या बर्फाला मुळीच घाबरत नव्हते. त्यांना घोर होता तो मुलाच्या छपराचा! २०१६ चा डिसेंबर होता. लागोपाठ दोन वादळं येऊन गेली होती आणि छपरावरचा बर्फ लग्न आटोपल्यावरही न हलणाऱ्या पाहुण्यांसारखा ठाण मांडून बसला होता.

"परीक्षित, बर्फ दिसायला कापूस, पण साचला की दगड! उतरवायला हवा."

"बाबा, इट्स फाइन." परीक्षितनं फोनमधून मान वर काढली नाही. "इथली घरं त्यासाठीच बांधलेली असतात."

"अरे, पण भार..."

"तुम्ही टीव्ही बघा ना!"

निवृत्त माणसाला टीव्ही बघ म्हणणं म्हणजे जिवंतपणीच फोटोच्या चौकटीचं माप घेणं!

परीक्षित आणि सून कादंबरी ऑफिसला गेले, नात ऊर्मी शाळेत गेली आणि डोक्यावर काहीतरी कडकन वाजलं. थंडीत लाकूड आकसून वाजतं, असं कादंबरीनं त्यांना सांगितलं होतं. पण ती पडली आयटीतली, तिला लाकडातलं काय कळणार!

सूर्यकांतरावांनी गराजमधून बर्फ ओढायचा लांब दांड्याचा रेक काढला.

"अहो, परीक्षितला विचारा तरी!" त्यांच्या पत्नी छायाताई म्हणाल्या.

"पूल बांधताना विचारलं होतं का कुणाला?"

"तुमच्या साहेबांना!"

घराच्या बाजूला उभं राहून त्यांनी रेक ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. काही नाही. मग सगळी ताकद लावून ओढला आणि त्या बाजूचा अख्खा बर्फ धाडकन खाली आला! सूर्यकांतराव कमरेपर्यंत गाडले गेले. कसेबसे बाहेर निघाले, पण एक बूट आतच राहिला. एका पायात बूट, एका पायात ओला मोजा, अशा थाटात ते गड जिंकल्यासारखे घरात शिरले.

"बघ! छप्पर वाचवलं!"

चहा होईपर्यंत घर गार पडू लागलं. छायाताईंनी स्वेटर घातला, वर शाल घेतली, तिच्यावर रजई पांघरली.

"तुम्हीच काहीतरी केलंत!"

"मी काय करणार? छपरावरची बर्फाची गोधडी निघाली, म्हणून घराला थंडी वाजतेय."

शाळेतून आलेली ऊर्मी दातांवर दात वाजवत म्हणाली, "आजोबा, व्हाय इज इट सो कोल्ड?"

"सवय होईल, बाळा!"

परीक्षित आला आणि जॅकेट न काढताच घराच्या बाजूला धावला. घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसची श्वास घ्यायची पांढरी नळी त्याच भिंतीतून बाहेर येत होती. छपरावरून पडलेल्या ढिगाऱ्याखाली ती गुदमरली आणि फर्नेस मुकाट्यानं बंद पडला! परीक्षितनं हातांनी बर्फ उकरला. तो आत आला तेव्हा बोटं लाल आणि चेहरा त्याहून लाल होता.

"चुकलं माझं," सूर्यकांतराव म्हणाले. "नळी दिसली नाही मला. पण ऐक, आता एक बाजू रिकामी आणि दुसरीवर सगळा भार. हे जास्त वाईट. दुसरी बाजूही लगेच..."

"बाबा, प्लीज! बस्स झालं!"

मग स्वयंपाकघरातून त्याचा दबका आवाज आला. "ही कान्ट बी लेफ्ट अलोन, कादंबरी."

जन्मभर सरकारी पत्रव्यवहार इंग्रजीत केलेल्या माणसाला एवढं इंग्रजी सहज कळलं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

शनिवारी परीक्षितनं बर्फ काढणाऱ्या कंपनीचा माणूस बोलावला. "बाबा, तुम्ही बाहेर येऊ नका," असं बजावलेलं, म्हणून सूर्यकांतराव दारातच उभे राहिले. त्या माणसानं मान वर करून छपराकडे पाहिलं, दोन्ही हातांचा तराजू केला, एक हात खाली नेला आणि मान हलवली. परीक्षित शाळकरी पोरासारखा कान देऊन ऐकत होता. दुपारपर्यंत दुसरी बाजूही मोकळी झाली.

सूर्यकांतराव आत येऊन बसले.

"काय म्हणत होता तो माणूस?" छायाताईंनी विचारलं.

"मी म्हणत होतो तेच."

"अगंबाई! मग परीक्षित काय म्हणाला?"

"थँक यू म्हणाला."

"चला, म्हणाला ना एकदाचा!"

"त्याला म्हणाला!"